पातळी

चौतीस वर्षं मी आजव्याच्या काठावर पट्टी वाचली.
पहाटे सहाला, संध्याकाळी सहाला,
श्रावण-भाद्रपदात तासातासाला.
दोनशे अकरा पूर्णांक वीस. पंचवीस. पस्तीस.
फोनवर आकडा सांगायचा, आवाज चढू द्यायचा नाही.
पलीकडे अख्खं बडोदं जागं असायचं
आणि कुणीतरी विचारायचं,
"मोहिते, वाढतंय का?"

आता रावपुऱ्यातल्या लॅबमधला धवल
पाकीट देताना माझ्याकडे बघत नाही.
दोन दिवाळ्यांपूर्वी शून्य पूर्णांक शून्य चार.
मग शून्य आठ.
मग एकवीस शतांश.
या दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते,
सेहेचाळीस.

ग्रंथी काढून पाच वर्षं झाली.
बरणीत घालून नेली तेव्हा मुलीनं पाहिली, मी नाही.
जे नाहीच, त्याचा आकडा वाढतो कसा?

पण आमच्या खात्यात व्हायचं असं.
घर पाडलेलं, मालक वारलेला,
जोडणी कागदोपत्री कधीच तोडलेली,
तरी मीटर फिरत राहायचं थेंबाथेंबानं.
आम्ही रस्ता फोडायचो, खोदायचो.
कधी गळती सापडायची.
कधी नुसतीच कुणाची तरी भिंत ओली.

डॉक्टर निगम भोपाळचे,
गुजराती अजून येत नाही, म्हणून हिंदीत बोलतात.
"स्कॅन साफ है। हड्डियाँ साफ हैं। सब ठीक है, मगर—"
आणि थांबून पाणी प्यायले.
बडोद्याच्या माणसाला मगर म्हटलं की
आधी नदी दिसते.

तिथून निघालो तो काळाघोड्याच्या पुलावर थांबलो.
विश्वामित्री म्हणजे या दिवसांत नुसता हिरवा गाळ.
गाळावर ती ऊन खात पडलेली,
जबडा उघडा, डोळे मिटल्यासारखे.
चाळीस पावलांवर एक बाई पातेली घासत होती.
दर तिसऱ्या-चौथ्या पातेल्याला मान वर करायची,
बघायची,
पुन्हा राख घ्यायची.
मी तासभर उभा होतो.
तिनं पाठ कधीच फिरवली नाही,
आणि एकही पातेलं अर्धवट ठेवलं नाही.

मग पोटात सुई सुरू झाली, तिची ही तऱ्हा:
उत्तरायणाची थंडी, गच्च्यांवर "काप्यो छे"चा गजर,
आणि मी बनियनवर पंख्याखाली, अंगातून वाफा.
वासंती शाल गुंडाळून समोर बसलेली, हसतेय.
"सात वर्षं काढली मी ही आग.
तेव्हा तुम्ही उठून पंखा बंद करायचात."
मला बोलता येईना. मग हसूच आलं,
हसताना थोडं निसटलंही.
तेही तिला कळलं.
पॅड ती मांजलपूरहून आणते;
गल्लीतला केमिस्ट आमच्या भजनी मंडळात झांजा वाजवतो.

रात्री जुन्या नोंदवहीची कोरी पानं काढतो.
तारीख, वेळ, पातळी, शेरा.
साहेब म्हणायचे, शेऱ्याचा रकाना मोकळा सोडू नका,
उद्या पाण्याबद्दल विचारतील तेव्हा वाऱ्याबद्दल सांगता आलं पाहिजे.
पातळीखाली आज काही नाही,
पुढचं रक्त फेब्रुवारीच्या नऊला.
दुप्पट व्हायला किती महिने, यावर म्हणे सगळं.
तो हिशेब मला येतो.
दोनदा केला, दोन्ही वेळा खोडला.

शेरा:
आकाश निरभ्र. वारा उत्तरेचा, पतंगांना बरा.
शेजारच्या पोराला मांजा कापला, दोन टाके.
दुपारी झोप लागली.
उंधियूत रताळं जरा जास्त.

स्वयंपाकघरातून वासंतीचा आवाज आला,
"वाढू का?"

क्षणभर
फोनच वाजला असं वाटलं,
हात पट्टी शोधायला गेला.

वाढ, म्हटलं.
अर्धीच वाटी.
थांब, हात धुऊन येतो.