सातवी ‘ब’चा गठ्ठा

बेचाळीस पेपर. व्याख्या, प्रत्येकी दोन गुण.
खालच्या मजल्यावर माग सुरू आहेत,
लाल पेनाची रेघ जराशी थरथरत उमटते.

श्रीहरी येमूल लिहितो:
‘पर्जन्यछाया म्हणजे पावसाची सावली.
पण बाई, सावलीत गार असतं ना?
आपल्याकडे डांबर चपलेला चिकटतं.’
आता याला कसं सांगू.
समुद्रावरून भरून आलेले वारे सह्याद्री चढतात,
थंड होतात, तिकडच्याच उतारावर रिते होतात,
आणि घाट उतरून आपल्यापर्यंत येतात तेव्हा
त्यांच्या हातात काही नसतं. उलट तापलेले असतात.
सावली डोंगराची आहे, बाळा; ऊन आपलं.
दीड गुण. अर्धा का कापला ते मलाही माहीत नाही.

जलविभाजक:
‘पाणी वाटून देणारा माणूस. उदा. चावीवाला.
आमच्याकडे पाचव्या दिवशी येतो, रात्री दोनला.’
हसू आवरलं नाही, शून्य द्यायचं राहून गेलं.
तो माणूस नसतो रे. ती जमिनीची उंच पाठ असते,
एका अंगाचा पाऊस सीनेला, दुसऱ्या अंगाचा भीमेला.
तिथे कुणाचा वशिला चालत नाही.
आणि एवढी वाटणी करून शेवटी
कुडलला सीना भीमेतच जाते.

नसरीन बागवानने विदारण बरोबर लिहिलंय:
‘खडक जागच्या जागी फुटतो, कुठे जात नाही.’
उदाहरणात मात्र: ‘विड्या वळून अम्मीची बोटं.’
मी समासात ‘उदाहरण खडकाचं हवं’ असं लिहिलं
आणि नंतर ते व्हाइटनरने झाकलं.

काळी मृदा सगळ्यांना येते. बेसाल्टपासून बनते,
ओलावा धरून ठेवते; सगळं घोकलेलं.
फक्त रेणुका वाघमोडेने लिहिलंय, उन्हाळ्यात तिला भेग पडली,
चेंडू आत गेला, हात कोपरापर्यंत घातला,
मग पावसाळ्यात जमीन मिटली.
‘चेंडू अजून आत आहे.’
दोनपैकी दोन.

शेवटचा पेपर मल्लिनाथ बिराजदारचा. वडिलांची बोअरची गाडी.
‘भूजल पातळी म्हणजे जिथे पाणी लागतं ती खोली.
आधी करडी धूळ उडते, मग एकदम लाल.
लाल आली की मालक पुढे येऊन वाकतो.
पप्पा म्हणतात, पाणी नाही, इथे लाव्हा थांबला होता.’

हे पुस्तकात नाही, मी शिकवलंही नाही:
दोन लाव्ह्यांच्या मधे इतका काळ गेला
की दगडाची माती झाली, पाऊस पडले, काही उगवलंही असेल,
मग वरून पुढचा थर आला
आणि ती विटेसारखी भाजली गेली.
हातभर जाडीची. कित्येक हजार वर्षं.

खाली माग थांबलेत.
पाळी बदलली की सूत संपलं, वरून कळत नाही.
मल्लिनाथला किती द्यायचे ते
उद्या सकाळी बघते.