फेस बसेपर्यंत

यादी सव्वाआठला आली.
एकतीस नावं, दोन पानं, खाली डॉक्टरांची सही.
सोबत एक छापील प्रश्न, आणि कंसात सूचना :
हळुवार आवाजात विचारावे.

मी या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट.
गाव कीथली. त्याच्या नावात लिहिताना जी अक्षरं येतात
ती इथे कुणी उच्चारत नाही.
बारा वर्षं झाली, आता माझीही जीभ अडखळत नाही.
वेळा देते, लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवते.
आज विचारायचं होतं :
खूप आजारी पडलात, तर हॉस्पिटलात जायला आवडेल
की घरीच?
जणू काही साखर एक चमचा की दोन.

मिस्टर होलरॉइड म्हणाले, ते राहू दे,
मंगळवारी कचऱ्याची गाडी येणार का तेवढं सांग.
एकीने फोन आपटला.
एक म्हातारा इतका वेळ आभार मानत राहिला
की मी पेनाचं टोपण चावून चपटं केलं.

आणि विनिफ्रेड फेदर, वय एक्याण्णव :
"लढाईनंतर मी कोऑपच्या काउंटरवर होते, पोरी.
रेशनची कुपनं कापायचे. लोणी, साखर, बेकन.
मापात राहायचं आम्हाला नवं नाही.
पण तेव्हा पुस्तक सगळ्यांचं सारखं होतं.
माझी कात्री कुणाला वय विचारत नव्हती."
मग थोडं थांबून,
"तू जेवलीस का?"

मिरजेतलं रॉकेलचं दुकान आठवलं.
निळं रॉकेल, पत्र्याचं पोचे पडलेलं माप.
ओतलं की वर फेस चढायचा,
दुकानदार फेसासकटच लिटर मोजायचा.
आई माझ्या कानाशी म्हणायची :
हलायचं नाही. फेस बसेपर्यंत बघत राहायचं.

यादीची बातमी कुणाच्या तोंडून फुटली
ते मी सांगणार नाही.
संध्याकाळी बॉबिन स्ट्रीटवर दारं उघडली,
दोन दोन मीटरवर माणसं उंबऱ्यात उभी.
बेचाळीस घरं. बोटाला लावायचे चिमटे तीन,
इल्यासने स्वतःच्या पैशांनी आणलेले.
त्याची टॅक्सी तशीही दोन आठवडे उभीच होती.
बिस्किटांच्या डब्यात चिमटे, डब्याला स्पिरिटचा वास,
दारापुढे डबा ठेवून तो मागे सरायचा,
काचेआडून आकडा ओरडून सांगितला जायचा :
शहाण्णव! चौऱ्याण्णव! परत लाव, हात गार आहेत!
मशिदीच्या भटारखान्यातून डाळ यायची,
मिसेस फेदरनी उलट रूबार्बची जुडी पाठवली,
तिचं करायचं काय कुणालाच कळेना.

असं वाटलं होतं की माप फक्त वरच्यांच्या हातात असतं.
चौथ्या दिवशी एक चिमटा बंद पडला.
राहिले दोन.
मग रात्री डबा कुणाकडे, यावर उंबऱ्याउंबऱ्यातून वाद.
होलरॉइड एकटे, त्यांना श्वास पुरत नाही.
वरच्या अंगाला एक बाई, सातव्या महिन्यातली.
सतरा नंबरचा कॉलिन उटली, बस चालवणारा, सेहेचाळीसचा,
खिडकीतून म्हणाला, मला नुसता खोकला आहे,
त्यांना द्या.
सगळ्यांनी मान डोलावली. मीही, फोनवर.

कॉलिनचं नाव माझ्या यादीत नव्हतं.
वयात बसत नव्हतं.

गुरुवारी ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरली
तेव्हा सतरा नंबरच्या दाराशी डाळीचा डबा होता, न उघडलेला.
इल्यासने तो घरी नेला. धुतला. परत भरला.
त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही,
मी विचारत नाही.

मिसेस फेदर अजून आहेत.
परवा फोन करून म्हणाल्या,
माझ्या कागदावर तू काय लिहिलंस ते वाचून दाखव.
वाचलं.
"खोड ते," म्हणाल्या. "मी विचार करून सांगते."

आज दुसरी यादी आली आहे. सव्वीस नावं.
प्रश्न तोच, सूचना तीच.
मी नंबर फिरवते, विचारते,
आणि मग पुढचं छापील वाक्य वाचत नाही.
पलीकडे घड्याळ, कुत्रं, कुणाचा तरी जड श्वास.
रिसीव्हर कानाला धरून
मी हलत नाही.