प्रत वाचकाकडे

मालिकेतल्या हिरोनं लेकरांसाठी पुस्तक लिहिलं.
गंगाखेडच्या वाचनालयात एकच प्रत आली.
मुखपृष्ठावर त्याचा चेहरा हा एवढा,
साळिंदर कोपऱ्यात,
तेही आमच्या शिक्क्याखाली निम्मं गेलेलं.

मग बातमी आली: शूटिंगच्या जागी त्यानं
चहा देणाऱ्या पोराच्या कानाखाली काढली.
अध्यक्ष म्हणाले, ते पुस्तक आधी काढा,
लेकरांनी कुणाचा आदर्श घ्यायचा?

रजिस्टर बघितलं.
निखत पठाण, चौथी ब, बाप मोंढ्यात हमाल.
सतरा दिवस झालेले.

बोलावलं तर पुस्तक छातीशी धरून आली.
वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, नीट दुमडून.
वर सोयाबीनचे भाव,
खाली तीच बातमी, अर्धी.
मी कव्हर सोलून विचारलं,
वळखतीस का गं ह्याला?
तिनं बघितलं. ‘कोन हाय?’

आणि लगेच पान उघडून बोट ठेवलं:
‘काटे टोचतील म्हणून साळू
आईला लांबूनच बघायलंय, सर.
अजून चार पानं राहिलीत.’

कव्हर परत घालताना
बातमीत त्या पोराचं नाव शोधलं.
दुमडीच्या आतही बघितलं.
नव्हतं.

अध्यक्षांना काय सांगायचं ते उद्या बघू.
रजिस्टरात लिहिलं: प्रत वाचकाकडे.