होडीतली चूल

होडी बांधायला दीड वर्ष गेलं,
ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून.
चूल मात्र एका सकाळीच सापडली,
गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात,
गंजक्या कुलपांच्या ढिगाखाली:
पितळेची, तळहाताएवढी, पोटात कापूस.
विकणारा म्हणाला, दिवा आहे, देवापुढे लावा.
मी वास घेतला. दिवा नव्हता.

पहिल्यांदा रॉकेल घातलं.
पातेलं काळं, ताडपत्री काळी,
सुलभाच्या नाकाचा शेंडा काळा.
ती म्हणाली, मला चहा पाण्यावर प्यायचाय, धुरात नाही.
गॅस नको, यावर दोघांचं एकमत:
गळला तर तळाशी साचतो,
आणि तळाशीच आपण बसलेलो.

मग स्पिरिट शोधत निघालो.

रविवार कारंजा. साखला शेठनं
चष्म्यावरून पाहिलं.
किती? लिटरभर.
कशाला? चहाला.
दुकानात रंग ढवळणारा पोरगा थांबला.
"काका, हे प्यायचं नसतं."
पिणार नाही, जाळणार आहे.
"सगळे तेच म्हणतात."

थिनर आणला, ज्योत पिवळी, डोळ्यांत पाणी.
कपाटात उरलेलं सॅनिटायझर ओतलं,
कापूस चिकट झाला, चहाला इस्पितळाचा वास.
भाच्याच्या कॉलेजात मिलिलिटरचा हिशोब.
उत्पादन शुल्काच्या कचेरीत फॉर्म,
प्रयोजन: औषध, पॉलिश, प्रयोगशाळा, अन्य.
'अन्य'पुढे मी लिहिलं, होडी.
"होडी स्पिरिटवर चालते?"
वल्ह्यावर चालते.
"मग?"
मग चहा.
त्यानं पेनाचं टोपण लावलं.
साहेब रजेवर होते.

जिल्ह्यात मळी आंबते तिचा वास
काचा वर केल्या तरी गाडीत शिरतो,
द्राक्षं पिंपांत झोपवतात वर्षवर्ष,
आणि मला दोन कपांपुरता
स्वच्छ जाळ मिळेना.

भद्रकालीत रज्जाक मिस्त्री
पलंगाला लाखेचा हात देत होते.
ऐकून घेतलं, हसले नाहीत.
बाटलीच्या झाकणात थोडं ओतलं, काडी लावली,
अंगाची सावली धरली वर.
"निळी आहे? मग खरं.
पिवळी दिसली तर भेसळ, घेऊ नका, कुणाकडूनही."
अर्धी बाटली दिली.
वर पेन्सिलीनं 'विष', आणि कवटी काढली,
ती जरा हसतच होती.
पैसे? "धरणावर जाताय, मासा आणा."

गंगापूरचं पाणी, भर दुपार.
काडी लावली. काहीच दिसेना.
पेटली का? सुलभानं विचारलं.
मी हात जवळ नेला, मागे घेतला.
पेटली.

ट्यूबवर बसून जाळं ओढत
पोपट बेंडकोळी आला, होडीला धरून थांबला.
"काका, खाली काहीच नाही
आन् पानी उकळतंय."
दोन कपांत तिघांनी प्यायलो.
त्याच्याकडून मरळ घेतली, ऐंशी रुपये,
रज्जाकभाईंसाठी, ओल्या फडक्यात.

मग चुलीवर झाकण टाकलं.
विझली की नाही, तेही दिसेना.
होडी हळूहळू वळत राहिली
आणि मी बसून होतो
पितळेजवळ हात धरून.