जमीन कुंपण खाते

एप्रिलमध्ये लेइदाचा फोन आला.
"एक फळी पडलीय," म्हणाली,
"चार खिळे घेऊन ये. बाकी सगळं ठणठणीत आहे."

ठणठणीत हा शब्द मी ऐकून घेत नाही,
ठोकून बघतो.

हातोडी, ओळंबा, जुना पेचकस
सायकलला बांधला आणि निघालो
सारेमा बेटावरच्या त्या वाटेनं,
जिथून समुद्र दिसत नाही
पण वाळत घातलेल्या कपड्यांना कळतो.

कुंपण पांढरं. दर जूनमध्ये
शेकोट्यांच्या रात्रीआधी लेइदा रंग देते,
नवरा गेल्यावरही एक वर्ष चुकवलं नाही.
निम्म्या फळ्या आता
लाकडाच्या नाहीत, रंगाच्या आहेत.
नखानं टोकरलं तर आत तपकिरी भुगा,
चहाच्या चोथ्यासारखा.

लाकूड कुठं मरतं, ते लोकांना माहीत नसतं.
लोक वर बघतात: भेगा, शेवाळ, वाकलेली टोकं.
शेवाळ काही करत नाही,
ते नुसतं बसलेलं असतं.
आणि खाली, पार खोल, जिथं हवा पोचत नाही,
तिथं खांब वर्षानुवर्षं टिकतो.
मरतो तो मधेच, मातीच्या ओठावर,
ओल आणि वारा दोघांचंही जाणंयेणं असलेल्या
चार बोटांत.

पेचकस तिथं टेकवायचा. जोर लावायचा नाही.
चांगलं लाकूड त्याला दारातच उभं करतं.
पहिला खांब: दारात.
दुसरा: दारात.
तिसऱ्यानं पेचकस मुठीपर्यंत घरात घेतला,
जणू वाटच बघत होता.

वोल्देमारनं हे खांब मांडीइतके खोल रोवले होते.
पण इथली जमीन हिवाळ्यात गोठते, फुगते,
खांबाला बोटभर वर ढकलते,
आणि उन्हाळ्यात तो परत खाली जात नाही.
चाळीस हिवाळे. करा हिशेब.
कुंपण शेत खातं म्हणतात;
आमच्याकडे जमीनच कुंपण खाते,
आणि उरलेलं थुंकून टाकते.

"किती?" लेइदानं दारातून विचारलं.
"एकोणीसपैकी अकरा."
"मग उभं कसं आहे?"

हा प्रश्न मलाही पडला होता.
खिळ्यांची भोकं इतकी मोठी झालेली
की खिळे बोटानं निघत होते.
हॉप्सचा वेल दरवर्षी वाढतो, वाळतो,
त्याच्या सुतळ्या फळ्यांना धरून होत्या, खरं,
पण वेलानं अकरा खांब पेलत नाहीत.

ओळंबा लावला. कुंपण कललं होतं
शेजारच्या काल्यूकडे, चांगलं वीतभर,
आणि तिथं थांबलं होतं.
पडणारी वस्तू वीतभर कलून थांबत नाही.

म्हणून वळसा घालून पलीकडे गेलो.

काल्यू आणि लेइदा बोलत नाहीत.
एका मेंढीवरून सुरू झालं,
मेंढी मेली, अबोला राहिला.
पलीकडून कुंपणाला
बर्चच्या फांद्यांचे टेकू होते. सात.
दोन जुने, करडे पडलेले,
तीन मधल्या वयाचे,
दोन इतके ताजे की साल अजून कागदासारखी.
प्रत्येकाच्या बुडाशी सपाट दगड,
ओल लागू नये म्हणून.

काल्यू बटाट्यांसाठी माती उकरत होता.
मान वर केली नाही.
"माझ्या बटाट्यांवर पडलं असतं," म्हणाला.
बटाटे कुंपणापासून वीस पावलांवर.

मी परत आलो, लेइदाला सांगितलं
की दुरुस्तीनं भागणार नाही,
आठ खांब ठेवू, अकरा जुनिपरचे घालू,
फळ्या सगळ्या नव्या.
टेकूंबद्दल काय सांगावं, ते ठरवत होतो.
तिनं पेटीतून पैसे मोजता मोजता विचारलं,
"पलीकडची सात लाकडं काढावी लागतील का?"

सात म्हणाली.
मी आकडा सांगितला नव्हता.

मे संपता संपता काम झालं.
ओळंब्याची दोरी खांबाला समांतर.
टेकू तसेच आहेत,
नव्या कुंपणापासून वीतभर दूर,
हवेला टेकून.
जूनमध्ये तिकडून गेलो तर
दोन रंगवलेले दिसले, पांढरे.
तिनं रंगवले की त्यानं, कोण जाणे.
रंगाचा डबा कुंपणावर ठेवलेला होता,
बरोबर मधोमध.