कारणाचा रकाना

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
केसपेपर कानडीत भरायचा असतो.
हेसरु. वयस्सु. ऊरु.
नोकरी लागली तेव्हा ही अक्षरं मी
नंदगडच्या माझ्या सात वर्षांच्या भाच्याकडून गिरवून घेतली.
शेवटचा रकाना मात्र शिकावा लागला नाही.
कारण.
दोन्ही भाषांत एकच शब्द.

भैरू हुंदरे पहिल्यांदा आला तो सहा वर्षांचा.
कोपर निखळलेलं. आई म्हणाली, पडला.
मी लिहिलं, बिद्द.
नवव्या वर्षी कानातून रक्त. जिन्यावरून पडला.
त्यांचं घर बैठं, कौलारू. जिना कुठला?
बाहेर चाळीस माणसांची रांग,
कुत्रं चावलेला एक म्हातारा शिव्या घालत होता.
मी लिहिलं, बिद्द.
अकराव्या वर्षी पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा चौकोन,
इतका नीट उमटलेला
की मधली दांडीसुद्धा दिसत होती.
पोराने हूं का चूं केलं नाही.
टाके घालताना न रडणाऱ्या पोराला आपण काय म्हणतो?
शाब्बास.
मीही म्हणाले.

पंधराव्या वर्षी तो हवालदाराबरोबर आला.
उजव्या मुठीची सालटी निघालेली, एका पेरात दाताचा तुकडा.
दात ज्याचा, तो ईरण्णा पलीकडच्या खाटेवर.
तासाभरात फाटकाशी गर्दी.
बसस्टँडच्या पाटीवरून झालं म्हणे.
इकडून भगवं आलं, तिकडून लाल-पिवळं.
आमचा भैरू, आमचा भैरू, असं कुणीतरी ओरडत होतं
आणि तो मान उंच करून ऐकत होता.
इतक्या मायेने त्याचं नाव
त्याच्या घरात कधी कुणी घेतलं नसणार.

मी जखम धूत होते. विचारलं,
पाटीवर काय लिहिलेलं रे?
"बघितलंच नाही मी."
मग?
बऱ्याच वेळाने, बेसिनमधल्या गुलाबी पाण्याकडे बघत,
"त्यानं हात वर केला, शिस्टर.
केस मागं सारालता तो.
मला वाटलं, मारालाय."

त्या रात्री जुनी रजिस्टरं काढली.
वाळवीने कडा खाल्लेल्या, मधलं सगळं शाबूत.
तीन वर्षं, तीन पानं, अक्षर माझंच.
बिद्द. बिद्द. बिद्द.
किती वळणदार.

बेळगावच्या बाल मंडळाने त्याला वर्षभराचे शनिवार दिले,
दवाखान्यात कामाला.
पहिल्या शनिवारी आलाच नाही.
दुसऱ्या शनिवारी ट्रे आपटला, मला उलट बोलला,
शिपाई म्हणाला, हाकला याला.
ईरण्णाची आई टाके काढायला त्याला घेऊन आली
तेव्हा भैरू संडासात कडी लावून बसला, दीड तास.
मीही काही गोष्टी शिकत होते.
त्याच्या मागून जायचं नाही.
हात उचलण्याआधी सांगायचं, वरची बाटली घेतेय रे.
ओरडणाऱ्या डॉक्टरांना बाहेर नेऊन सांगायचं, हळू.
कधी जमलं. कधी मीच ओरडले.
गॉजच्या घड्या मात्र तो सुरेख घालायचा,
कडेला कड लावून,
जणू सगळ्या दवाखान्यात तेवढंच काय ते
त्याच्या हातून मोडणारं नव्हतं.

गेल्या महिन्यात असोग्याहून एक बाई आली.
कडेवर चार वर्षांचं पोर, कपाळ सुजलेलं.
पडला, म्हणाली.
रांग दारापर्यंत. मी पेन उचललं.
आणि भैरू, घडीवरची नजर न उचलता,
"पडणारं पोर आधी हात टेकतंय, शिस्टर.
त्याचे तळवे बघा की."

तळवे स्वच्छ होते.
एकावर शाईचं फूल काढलेलं.

बाईने पदर तोंडात धरला.
भैरूने स्टूल तिच्याकडे सरकवलं,
आवाज न करता,
आणि बाहेर जाऊन रांगेसमोर उभा राहिला.

रकाना अजून कोरा आहे.
ती बोलेल तेव्हा लिहीन.
म्हातारे ओरडताहेत.
ओरडू देत.