कान काढून ठेवल्यावर

उला नदीपलीकडे रान सुरू होतं, तिथे यादविगा थांबते,
दोन्ही कानांतली यंत्रं काढते,
सुटे पैसे टाकावेत तशी एप्रनच्या खिशात टाकते.
"इथे काय करायचीत," म्हणते,
आणि पाइनच्या झाडांत शिरते
स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरावं तशी.

माझ्या कानांचं उलटं आहे.
बावीस वर्षं लाकडाच्या गिरणीत पात्यासमोर उभा होतो.
गिरणी बंद पडली, पातं भंगारात गेलं,
त्याची किणकिण तेवढी माझ्याकडे राहिली,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी.
रात्री उशीवर डोकं टेकलं की ती उठून बसते.

सकाळचे सहा.
जमीनभर पांढरं दगडफूल,
रात्रभर धुकं पिऊन फुगलेलं.
बुटाखाली आवाज नाही, नुसतं दबणं;
मागे वळून पाहिलं
तर पावलाचा ठसा हळूहळू भरून येत असतो.
दहानंतर ऊन वाळूपर्यंत उतरेल,
मग हेच पायाखाली पापडासारखं मोडेल.

यादविगा वाकत नाही, सरळ बसते.
काठीनं नाही, बोटांनी शोधते,
सुया बाजूला सारते, गहू निवडायला घेतल्यासारख्या.
"हात आण इकडे!"
मोठ्यानं, कारण तिचा आवाज तिलाच पोचत नाही.
माझं मनगट धरून खाली नेते.
तिथे काहीतरी गार, घट्ट,
वरून पावाच्या पाठीसारखं,
खाली देठाला बारीक जाळी.
"पिरगाळ. ओढू नकोस."
पिरगाळतो.
मुळाशी टक् होतं.
मला ऐकू येतं, तिला माझ्या मनगटातून कळतं.
ती मान डोलावते.

पहिलं अळंबं रिकाम्या बादलीत: धप्प.
दुसरं: धप.
मग एक चिकट, वासराच्या नाकासारखं ओलं,
हातातून सुटता सुटत नाही.
मग पिवळ्या, ज्यांना आम्ही छोट्या खारी म्हणतो,
एकमेकींवर घासल्या की चुईचुई करतात,
ओल्या बोटानं काच पुसावी तशा.
बादली भरत जाते तसा तळाचा आवाज निघून जातो.
शेवटी टाकणं आणि ठेवणं
यांत काही फरक उरत नाही.

पात्याची आठवण
मला घरी परतताना आली,
तीही एवढ्याचसाठी
की सकाळपासून आली नव्हती.

संध्याकाळी तिच्या ओसरीवर वर्तमानपत्र पसरून
साफ करायला बसलो.
चाकूची सरसर, ब्रशची खसखस,
सुयांचा ढीग, एक गोगलगाय
जी यादविगानं उचलून कोबीवर नाही, चिडवणीवर ठेवली.
आणि मग ती आलीच.
तीच बारीक, उंच, न थांबणारी.
आलीस का, म्हटलं मनात.
यादविगा खाली मान घालून देठ खरवडत होती.
तिला सांगून उपयोग नव्हता.
कुणालाच सांगून नसतो.

तेवढ्यात बाकाखालचं मांजर उठलं.
कान टवकारून बादलीपाशी गेलं,
पिवळ्या ढिगात नाक खुपसलं,
एक पंजा मारला.

मी मांजराकडे बघत राहिलो.
डॉक्टरांनी दिवा घालून पाहिलं होतं कानात,
बायकोनं माझ्या डोक्याला डोकं लावून पाहिलं होतं,
कुणालाही कधीच न ऐकू आलेलं ते,
आणि हे मांजर!

बादली उपडी केली.
छोट्या खारींमधून यंत्र निघालं,
बदामाएवढं, मातीनं माखलेलं,
दिवसभर चालूच राहिलेलं,
आपल्याच आवाजाला ऐकून शिट्टी वाजवणारं.

यादविगानं ते एप्रनला पुसलं, कानात बसवलं.
शिट्टी थांबली.
"काय म्हणत होतास?" तिनं विचारलं.

मी काहीच म्हणत नव्हतो.
खालून अजून थोडी किणकिण येत होती,
ती माझी.
मांजर परत जाऊन झोपलं होतं.